७२ तासांचा कागद

कळंबोलीची ओळख लोखंड बाजाराची आणि ट्रकच्या रांगांची. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात हे नाव देशभरच्या बातम्यांत आलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर नेमणूक असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या ११ जवानांना करोनाची लागण झाल्याचं निष्पन्न झालं आणि त्यांच्या तुकडीतल्या शंभराहून अधिक जवानांना कळंबोलीत विलगीकरणात ठेवावं लागलं. यांतल्या कुणाला परदेशवारी घडली होती म्हणून हे झालं नव्हतं. दुबई, लंडन, न्यूयॉर्कची विमानं जिथे येत-जात होती, त्या विमानतळावर ही माणसं ड्युटीला उभी होती, एवढंच.

पनवेल महापालिका तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांची. १ ऑक्टोबर २०१६ ला ती स्थापन झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोलीसारख्या सिडकोने वसवलेल्या वसाहती तिच्या हद्दीत आल्या. विमानतळ मुंबईत, त्यावरची आरोग्य तपासणी केंद्र सरकारच्या अखत्यारीत. पण प्रवासी किंवा जवान एकदा घरी पोहोचला की तो महापालिकेच्या यादीतला माणूस. कोण परदेशातून आलं, कुठल्या सोसायटीत उतरलं, घरात आणखी किती माणसं आहेत, हे शोधत पालिकेचे आरोग्य कर्मचारी दारोदार फिरत होते. मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांसाठी खारघरच्या ग्रामविकास भवनात विलगीकरणाची सोय करण्यात आली होती. आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या आरोग्य चाचण्यांचे नियम कसे वाढत गेले आणि कसे उतरत गेले, हे समजून घ्यायचं तर ही दरी ध्यानात ठेवावी लागते. नियम करणारे एकीकडे आणि त्याचा भार वाहणारे दुसरीकडे.

सुरुवात झाली ती तापमापक पिस्तुलापासून. १७-१८ जानेवारी २०२० पासून मुंबई, दिल्ली आणि कोलकाता विमानतळांवर चीनहून येणाऱ्यांचं कपाळ तपासलं जाऊ लागलं. मग देशांची यादी लांबत गेली : हाँगकाँग, सिंगापूर, थायलंड, जपान, दक्षिण कोरिया, पुढे इटली आणि इराण. या यादीत दुबई नव्हती. आणि महाराष्ट्रातले पहिले रुग्ण नेमके दुबईची सहल करून १ मार्चला परतलेले निघाले. पुण्यातलं ते दांपत्य ९ मार्चला बाधित आढळलं, त्याच सहलीतले दोन सहप्रवासी दोन दिवसांनी मुंबईत. सरसकट सर्व आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी करण्याचा निर्णय झाला ४ मार्चला, म्हणजे सहल घरी पोहोचून तीन दिवस झाल्यावर.

देशांच्या यादीवर बेतलेल्या तपासणीचा दोष यात स्पष्ट दिसतो. यादी ही कालच्या बातमीवर तयार होते. विषाणू मात्र जिथे चाचण्याच होत नाहीत अशा ठिकाणाहूनही प्रवास करतो, आणि जिथे चाचण्या प्रामाणिकपणे होतात तो देश विनाकारण बदनाम होतो. हे पुढे दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत फारच कटूपणे घडलं, त्याकडे येऊच.

१६ मार्चला राज्य सरकारने आणखी एक उपाय जाहीर केला. ज्यांना घरी विलगीकरणात राहायला सांगितलं आहे, त्यांच्या डाव्या हाताच्या पंजावर मागल्या बाजूने, निवडणुकीत वापरतात त्या न पुसणाऱ्या शाईचा शिक्का. दोनच दिवसांत असे शिक्के असलेल्या प्रवाशांना पालघरला रेल्वेगाडीतून उतरवल्याची बातमी आली. माणसाच्या अंगावर शिक्का मारणं अनेकांना खटकलं, आणि ते खटकणं महाराष्ट्राला नवं नाही. सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला तो साथरोग कायदा १८९७ चा. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उघडकीला आली, त्यातून तो जन्मला. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून काखेत, जांघेत गाठ आहे का हे चाचपलं जाई. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोकांचा जो संताप झाला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री त्या बंदोबस्ताचा प्रमुख असलेल्या रँडवर झालेल्या गोळीबारात कसा झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. प्रवाशाची तपासणी हा वैद्यकीय प्रश्न जितका, तितकाच तो अब्रूचा आणि विश्वासाचाही असतो.

२३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षं आणि चार दिवस लागले. मधल्या काळात ७ मे २०२० पासून 'वंदे भारत'ची विमानं आली, नंतर ठरावीक देशांशी 'एअर बबल'चे करार झाले. आलेल्या माणसाने सात दिवस स्वखर्चाने हॉटेलात आणि पुढचे सात दिवस घरी राहायचं, हा तेव्हाचा नियम. ८ ऑगस्ट २०२० पासून त्याला पळवाट नव्हे, पण वाट मिळाली : प्रवासाआधी ९६ तासांच्या आत केलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट 'एअर सुविधा' या संकेतस्थळावर चढवला, तर हॉटेलातला मुक्काम माफ. पुढे ९६ चे ७२ झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये हा रिपोर्ट जवळपास सगळ्यांनाच सक्तीचा झाला. पनवेलच्या घराघरांत ७२ तासांचं गणित बोटांवर मांडलं जाऊ लागलं ते तेव्हापासून.

हे ७२ तास आले कुठून? त्यासाठी चाचणी काय करते ते पाहू. नाकातून किंवा घशातून स्वॅब घेतात. त्यात विषाणूचा आरएनए असेल तर आधी त्याचं डीएनएमध्ये रूपांतर करतात आणि मग त्या डीएनएच्या प्रती यंत्रात पुन्हा पुन्हा दुप्पट करत जातात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. प्रती मोजता येण्याजोग्या व्हायला जितक्या फेऱ्या लागतात, तो आकडा म्हणजे रिपोर्टवरची 'सीटी व्हॅल्यू'. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३५ ही मर्यादा धरली होती. त्याआतच विषाणू दिसला तर पॉझिटिव्ह. आकडा जितका लहान, तितका नमुन्यातला विषाणू जास्त.

चाचणी अतिशय संवेदनशील आहे, आणि प्रवाशांसाठी तिचा ताप तिथेच सुरू होतो. आजार बरा होऊन माणूस हिंडूफिरू लागला, तरी विषाणूचे मेलेले तुकडे काही आठवडे नाकाघशात सापडू शकतात. अशा माणसाकडून कुणाला संसर्ग होत नाही, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि विमान चुकतं. उलट बाजूला, काल-परवा लागण झालेल्याच्या नाकात विषाणू अजून मोजण्याइतका वाढलेलाच नसतो. तो निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन ऐटीत विमानात बसतो आणि उतरेपर्यंत संसर्गक्षम होतो. ७२ तासांत तर हे सहज घडू शकतं. मग सहा तासांची मर्यादा का नाही ठेवली? कारण स्वॅब देणं, प्रयोगशाळेचा वेळ, रिपोर्ट, तो संकेतस्थळावर चढवणं, विमानतळ गाठणं आणि प्रवास, हे सगळं बसायला हवं होतं. म्हणजे हा आकडा विषाणूच्या वागण्याइतकाच प्रयोगशाळांच्या वेळापत्रकाने ठरला होता. आल्यावर पुन्हा चाचणी आणि आठव्या दिवशी आणखी एक, असे जोडनियम आले ते याच फटीसाठी. त्यांतली आठव्या दिवसाची चाचणी शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत शहाणी, आणि अंमलात सर्वांत ढिली. कारण ती विमानतळावर करायची नव्हती, घरी गेल्यावर प्रवाशाने स्वतःहून करायची होती. पुन्हा पालिकेच्या माथी.

चाचणीची किंमत हा वेगळाच प्रवास. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने खासगी प्रयोगशाळांसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. राज्य सरकारने ती टप्प्याटप्प्याने उतरवत मार्च २०२१ अखेर ५०० आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५० रुपयांवर आणली. घरी येऊन नमुना घेतला तर ७००. पण आखातात जाणाऱ्याला एवढ्यावर सुटका नव्हती. तळोजा-पनवेल पट्ट्यातून, सगळ्या रायगडातून आखातात नोकरीला जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची. संयुक्त अरब अमिरातीने एप्रिल २०२१ अखेरपासून भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं आणि ऑगस्टमध्ये ते किलकिलं केलं, तेव्हा दोन अटी घातल्या : ४८ तासांच्या आतली आरटी-पीसीआर, तीही क्यूआर कोड असलेली, आणि उड्डाणाआधी काही तासांत विमानतळावरच आणखी एक रॅपिड पीसीआर. या दुसऱ्या चाचणीसाठी मुंबई विमानतळावर ३,९०० रुपये मोजावे लागत, ते डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने १,९७५ वर आणले. यंत्र वेगळं, त्याची काडतुसं महाग, हे खरं. तरी शहरात ३५० ला होणाऱ्या चाचणीच्या पाचपटीहून अधिक पैसे, आणि तेही बोर्डिंग पास हातात पडण्याच्या उंबरठ्यावर. पॉझिटिव्ह आला तर तिकीट, पगार, कधी व्हिसाही पणाला. क्यूआर कोडची सक्ती का झाली तेही सांगायला हवं : बनावट रिपोर्ट विकणाऱ्यांवर ठिकठिकाणी गुन्हे दाखल होऊ लागले होते. जिथे कागदाला एवढी किंमत येते तिथे कागद छापणारे उगवतातच.

चाचणीच्या कागदाइतकीच किंमत लसीच्या कागदालाही आली. त्यासाठी आता पुण्याकडे वळू. जगातल्या सर्वांत मोठ्या लसउत्पादकांपैकी एक असलेली सीरम इन्स्टिट्यूट तिथली. ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची लस तिने 'कोविशील्ड' नावाने बनवली. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने नवे प्रवासनियम जाहीर केले, तेव्हा अॅस्ट्राझेनेकाची लस चालेल, पण भारतात कोविशील्ड घेतलेला माणूस लस न घेतलेला समजला जाईल, असा त्याचा अर्थ निघत होता. ओरड झाल्यावर ब्रिटनने २२ सप्टेंबरला कोविशील्डला मान्यता दिली आणि आक्षेप प्रमाणपत्राकडे सरकवला. लसीच्या 'कोविन' दाखल्यावर जन्मतारीख पूर्ण नव्हती. किरकोळ बाब, ती दुरुस्तही झाली. पण तोवर भारताने जशास तसं केलं. ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनमधून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना, लस घेतलेली असो वा नसो, प्रवासाआधी, आल्यावर आणि आठव्या दिवशी चाचणी आणि दहा दिवस विलगीकरण. तीनच दिवसांत ब्रिटनने माघारीची घोषणा केली, ११ ऑक्टोबरपासून कोविशील्डधारकांना विलगीकरण माफ झालं आणि १३ ऑक्टोबरला भारतानेही आपला नियम मागे घेतला.

या दहा दिवसांत विषाणूत काडीचाही बदल झाला नव्हता. चाचणीचे नियम आरोग्याच्या भाषेत लिहिले जातात, पण अनेकदा ते परराष्ट्र खात्याच्या शाईने लिहिलेले असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने ८२ देशांची यादी जाहीर करून तिथल्या लसदाखल्यांना आरटी-पीसीआरचा पर्याय मानलं, तीही परस्पर मान्यतेवर आधारलेली. आमचा कागद तुम्ही माना, तुमचा आम्ही मानू.

त्याआधी ओमायक्रॉन येऊन गेला. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नवा प्रकार ओळखला, जगाला तातडीने कळवलं आणि २६ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 'चिंताजनक' ठरवलं. बक्षीस म्हणून त्यांच्याच विमानांवर जगभर बंदी आली. योगायोग असा की, १५ डिसेंबरपासून नियमित उड्डाणं सुरू करण्याची घोषणा भारताने नेमकी २६ नोव्हेंबरलाच केली होती. ती लांबणीवर पडली.

महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण ४ डिसेंबरला जाहीर झाला. कल्याण-डोंबिवलीतला एक जहाजी, केपटाऊनहून दुबई-दिल्लीमार्गे मुंबईला आलेला. पनवेल-उरण पट्ट्यात शिपवर जाणारी मुलं गल्लोगल्ली, त्यामुळे ही बातमी इथे घरच्यासारखी वाचली गेली. त्याचा स्वॅब दिल्लीत उतरल्यावर घेतला होता आणि तो पुढच्या विमानाने मुंबईला आला. नमुन्यात करोना आहे हे पीसीआर एका दिवसात सांगते. तो ओमायक्रॉन आहे हे कळायला जनुकीय क्रमनिर्धारण लागतं. ते होऊन जाहीर होईपर्यंत दहा-अकरा दिवस गेले.

राज्य सरकारने ३० नोव्हेंबरला केंद्रापेक्षा कडक आदेश काढला होता : जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी चाचणी. केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी पत्र लिहून हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांशी विसंगत असल्याचं कळवलं आणि २ डिसेंबरला राज्याने अति जोखमीच्या देशांची यादी दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना आणि झिंबाब्वे या तीन नावांवर आणली. वैद्यकीयदृष्ट्या मला राज्याचा मूळ आदेश चुकीचा वाटत नाही. नव्या प्रकाराच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सीमेवरची कडक चाचणी खरोखर वेळ मिळवून देते; खाटा, प्राणवायू, लसीकरण यांची तयारी त्या वेळात करता येते. पण एकाच विमानातल्या दिल्लीला उतरणाऱ्याला एक नियम आणि मुंबईला उतरणाऱ्याला दुसरा, हे टिकणारं नव्हतं.

खरा फसलेला नियम त्यानंतरचा. ११ जानेवारी २०२२ पासून झाडून सगळ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी चाचणी सक्तीची झाली. तोपर्यंत ओमायक्रॉन लोकलमधून, लग्नांतून, बाजारातून पसरत होता आणि त्याच महिन्यात देशातली रोजची रुग्णसंख्या तीन लाखांपलीकडे गेली. न्यूयॉर्कहून आलेल्यापेक्षा ठाण्याहून आलेला पाहुणा जास्त धोक्याचा होता, पण कोंडला गेला न्यूयॉर्कचा.

मग मात्र नियम भराभर सैल झाले. १४ फेब्रुवारी २०२२ पासून 'जोखमीचे देश' हा वर्गच रद्द. सक्तीच्या विलगीकरणाऐवजी १४ दिवस स्वतःवर लक्ष ठेवायचं. आणि उतरलेल्यांपैकी २ टक्क्यांची नमुना चाचणी. त्याच महिन्यात दुबईने विमानतळावरच्या रॅपिड चाचणीची अट काढली. १८ मार्चला ब्रिटनने सगळेच प्रवासनिर्बंध उठवले, २७ मार्चला भारताची नियमित उड्डाणं सुरू झाली आणि २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातले करोना निर्बंध संपले. अमेरिकेने मात्र आत येणाऱ्यांची चाचणी १२ जूनपर्यंत चालू ठेवली. पाडव्याची गुढी उभारून मुलीकडे न्यू जर्सीला निघालेल्या आईवडलांना स्वॅब द्यावाच लागत होता. एअर सुविधाचा अर्ज नोव्हेंबर २०२२ पर्यंत रेंगाळला.

अर्ज बंद होऊन महिना झाला नाही तोच चीनने आपले कडक निर्बंध सोडले, तिथे रुग्ण वाढले आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड या सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर पुन्हा सक्तीची झाली. ज्या बीएफ.७ उपप्रकाराचा बोलबाला झाला, तो भारतात काही महिने आधीच सापडला होता. २४ डिसेंबर ते ३ जानेवारीदरम्यान देशाच्या प्रवेशद्वारांवर १९,२२७ प्रवाशांच्या चाचण्या झाल्या, त्यांत १२४ बाधित निघाले. त्यांच्यात सापडलेले उपप्रकार इथे आधीच वावरत होते. १३ फेब्रुवारीला ही सक्ती गेली. ५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं आणि २० जुलै २०२३ पासून २ टक्क्यांची नमुना चाचणीही थांबली.

माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात जतन करण्यासारखा भाग तोच होता. २ टक्के नमुना चाचणी कुणाला अडवत नाही. स्वॅब देऊन प्रवासी घरी जातो. पण त्या नमुन्यांचं क्रमनिर्धारण केलं तर जगात कुठे काय शिजतं आहे याची खबर मिळते. ७२ तासांचा कागद माणसाला थांबवू पाहतो, नमुना चाचणी विषाणूला ओळखू पाहते. ओळखण्याचं काम तुलनेने स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे. साथ ओसरल्यावर आपण दोन्ही एकाच तराजूत टाकून बंद केलं.

आता हा प्रश्न पनवेलच्या अंगणात आला आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ पनवेल तालुक्यात उभा राहिला, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. उद्या साथ आली तर जवानांच्या बराकी, टॅक्सीवाले, सामान चढवणारे कामगार, विमान कर्मचाऱ्यांची भाड्याची घरं, सगळं याच परिसरात असेल. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार अशा विमानतळावर आजारी प्रवाशाच्या तपासणीची, त्याला वेगळं ठेवण्याची आणि रुग्णालयात हलवण्याची सोय सदैव हवी. विमानतळावरचा आरोग्य अधिकारी केंद्राचा असतो. त्याच्याकडची प्रवाशांची माहिती पालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी मिळेल अशी व्यवस्था साथ नसतानाच लावून ठेवली पाहिजे, आणि पनवेलकरांनी आपल्या नगरसेवकांना हे विचारलं पाहिजे.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी थोडं. करोनाची चाचणी गेली म्हणून आरोग्याचे सगळेच कागद गेले असं समजू नका. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्या-येणाऱ्यांना लसीचा पिवळा दाखला आजही लागतो. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघर आहे, म्हणून ही अट कुठल्याही साथीबरोबर सैल होत नाही. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला वैध होतो आणि जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. दाखल्याविना त्या देशांतून परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याला आहे. तेव्हा एजंटाच्या किंवा व्हॉट्सअॅपवरच्या सांगण्यावर विसंबू नका. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाचं संकेतस्थळ तिकीट काढण्याआधी स्वतः पाहा, आणि पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या.